चुलीमागची भिंत

खोली भाड्यानं द्यायची म्हटल्यावर घरमालक काय विचारतो? नोकरी कुठली, माणसं किती, भाडं वेळेवर द्याल ना. मोठीमायनं यातलं काहीच विचारलं नाही. आम्ही दोघं तिच्या अंगणात ट्रंक आणि वळकटी घेऊन उभे होतो. आमचे हे गोंदियाच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून रुजू झाल्याचं सांगत होते, आणि ती यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. यांचं सांगून झाल्यावर मला म्हणाली, "संध्याकारी ताजं रांधतेस, का सकारचंच खातेस?"

मी घाबरले. मला कुणी एकदम काही विचारलं की येत असलेलं उत्तरही पळून जातं. मराठी चौथीत माझी शाळा सुटली, पण मास्तरांनी नाव घेतल्यावर वाटायची ती धास्ती काही सुटली नाही.

"ताजंच," मी म्हणाले.

"दोघायचंच?"

"हो."

"मंग चूल जळन किती? वरन-भात झाला का इझली." तिनं तोंड वाकडं केलं.

आदली रात्र आम्ही धर्मशाळेत काढली होती. ही खोलीही हातची जाते असं वाटून मी सुचेल ते बोलायला लागले. आंघोळीचं पाणी मी चुलीवरच तापवते, दोघांचं. आणि आमच्याकडे कुळीथ फार खातात, ते शिजायला फार वेळ घेतात.

"लवकर नाई शिजत?"

"मुळीच नाही."

"मंग राहा," ती म्हणाली, आणि कुलूप काढायला गेली.

तिला सगळे मोठीमाय म्हणत. खरं नाव मी कधी ऐकलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. ती उंच, हाडकुळी होती, आवाज मात्र धानाच्या गिरणीच्या भोंग्यासारखा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाकडची धानाची शेती नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे होती, आणि तिच्या वाट्याला हे तीन खोल्यांचं घर आलेलं.

घर म्हणजे रस्त्यापासून आत गेलेली एक ओळ. पहिल्या खोलीत ती, मधल्या खोलीत आम्ही, तिसरीत बिड्या वळणारी एक छत्तीसगढी बाई आणि तिची सासू, आणि ओळीच्या टोकाला गाईचा कोठा. भिंती मातीच्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. चुली मोठीमायनं स्वतः बसवलेल्या. प्रत्येकीची चूल कोठ्याच्या बाजूच्या भिंतीला टेकलेली, आणि चुलीमागची तेवढी भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली. त्यामुळे तिच्या चुलीनं आमची भिंत तापायची, आमच्या चुलीनं बिडीवालीची, आणि बिडीवालीच्या चुलीनं गाईची. आपण अंथरूण घालायचं ते शेजाऱ्यानं तापवलेल्या भिंतीला लावून.

"धूर आपला, ऊब शेजाऱ्याची," ती सांगायची. त्या घरातला कायदा एवढाच.

जळणाला फारसं काही पडत नसे. मागेच धानाची गिरणी होती आणि तिच्या कुंपणाबाहेर कोंड्याचे, म्हणजे धानाच्या टरफलांचे, ढीग पडलेले असत. कुणीही पोतं भरून न्यावं. लाकडं स्वयंपाकापुरती. स्वयंपाक झाला की निखाऱ्यांवर कोंडा दाबून भरायचा, मधे फुंकणी उभी धरायची आणि हळूच काढून घ्यायची. त्या भोकातून वारा मिळून कोंडा सकाळपर्यंत आतल्या आत काळा होत राहायचा. मला हे जमेना. कधी फुंकणी काढताना सगळं ढासळायचं, कधी भसकन धूर व्हायचा. मोठीमाय दारात उभी राहून बघायची. "काय बापा, कोकनात हात देत नाई का देव?" म्हणायची, आणि माझ्या हातातून फुंकणी घ्यायची.

आमच्या गावी, समुद्राकाठी, थंडी म्हणजे पहाटे पदर कानावरून घ्यायचा, इतकीच. गोंदियाला आल्यावर एका सकाळी विहिरीवर माझ्या तोंडातून वाफ निघाली. मला वाटलं आत काहीतरी बिघडलंय. कळशी तिथंच टाकून मी घरात पळाले आणि यांना उठवलं. यांनी अंथरुणातूनच तोंड उघडून स्वतःची वाफ काढून दाखवली आणि कूस बदलली.

मोठीमायला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. तिनं तणसाचे चार पेंढे आणून टाकले आणि सतरंजीखाली कसे पसरायचे ते दाखवलं. कूस बदलली की ते कुरकुरत. हे म्हणायचे, आपण म्हशीच्या ताटात झोपलोय. पण जमिनीचा गारवा वर येईनासा झाला. मग तिनं खिडकीचं शिकवलं: ऊन आत आहे तोवर उघडी, ऊन सरकलं की तणसाचा पिळलेला जाड वेठ कोंबून बंद. आणि गोधड्यांचं शिकवलं. दुपारभर गोधड्या कवेलूवर वाळत घालायच्या, आणि ऊन उतरायच्या आधी, गरम असतानाच, घडी करून ट्रंकेत दाबून ठेवायच्या.

"ऊन गुंडाळून ठेव," ती अंगणातून ओरडायची. "वो कोकनवाली! ऊन चाललं ना तुहं!"

ट्रंकेत ते ऊन किती टिकायचं मला ठाऊक नाही. पण झाकण उघडल्यावर जो उबदार वास यायचा, त्यानं माझी घरची आठवण कमी व्हायची हे खरं.

दिवेलागणीला ती सगळ्यांच्या भिंती तपासायला यायची. हात लावून नाही, गाल लावून. "हाताले घट्टे पडले, त्याले काय समजते?" दार वाजवणं वगैरे काही नाही. आम्ही जेवत असलो तरी आत यायची, भिंतीला गाल टेकून डोळे मिटून उभी राहायची. तिच्या चुलीची ऊब आमच्याकडे नीट पोचते की नाही हे ती बघत असे. मग बिडीवालीकडे जाऊन माझ्या चुलीची ऊब तपासायची, आणि तिथूनच निकाल ऐकू यायचा. "हे काय भिंत हाये? असा गारठा तर विहिरीत राहते!"

मी ज्या खोलीत राहत होते ती आमच्याआधी कितीतरी दिवस रिकामी होती. एका शाळामास्तरांना तिनं नकार दिला होता, कारण ते खानावळीत जेवत. "खानावरीत जेवनाऱ्याची भिंत म्हंजे मुर्द्याचे पाय." एका मुनीमजींचं कुटुंब आलं होतं, त्यांच्याकडे पितळी स्टोव्ह होता. "त्या भोंग्यानं भांडं तापते, भिंत नाई तापत." आणि खोली रिकामी असताना ती रोज संध्याकाळी तिथं जाऊन नुसतीच चूल पेटवून बसायची. वर भांडं नाही, तवा नाही. का, तर पलीकडे बिडीवालीची सासू झोपते.

या सासूला सगळे डोकरी, म्हणजे म्हातारी, म्हणत. तिचा माझा संबंध भिंतीतूनच जास्त. चूल पेटवायला जरा उशीर झाला की ती पलीकडून लाटण्यानं ठोकायची. "का होगे वो? आज चूल्हा नइ बारे का? भिथिया जुडागे!" म्हणजे भिंत गार पडली. पहिल्या एकादशीला मी उपास केला आणि चूल पेटवलीच नाही, तर त्या लाटण्यानं भिंतीचे पोपडे पडले. मी रडकुंडीला आले. मोठीमाय आली, मी उपासाचं सांगितलं.

"उपास तुहा," ती म्हणाली. "भिंतीनं काय पाप केलं?"

तेव्हापासून एकादशीला मी हंडाभर पाणी तापवत ठेवायची. हे म्हणायचे, आपल्या घरात देवापेक्षा भिंतीचं जास्त चालतं.

असा एक हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, पौषात, माझी मुलगी झाली. ती व्हायची होती माघाच्या शेवटी. गावाहून आई निघणार होती, तिला यायला किती गाड्या बदलाव्या लागतात त्याचा हिशोब आम्ही करत होतो, आणि ही आधीच आली. भर दुपारी, सुईण दारात पाय ठेवते न ठेवते तोच. एवढीशी. हे तिला बघून बाहेर जाऊन उभे राहिले. रडायची ती मांजराच्या पिल्लासारखी, आणि ओढून दूध प्यायची ताकद नव्हती. कापसाची वात भिजवून ओठांवर पिळायची.

सुईण म्हणाली, "जगन. पन ऊब सुटली नाई पाहिजे. आन् धूर नोको." तिनं अंगारधुपणीसाठी खापरात दोन निखारे आणले होते, तेवढ्या धुरानंच पोरगी निळी पडली होती. म्हणजे खोलीत शेगडी नको, आणि आमची स्वतःची चूलही नको. बाहेर वाऱ्याला काढायचं तर नावच नको. बिडीवाली म्हणाली, माझ्या खोलीत घेऊन या दोघींना. सुईणीनं तिला हाकलून दिलं.

मग उरली ती मोठीमायच्या चुलीमागची भिंत. धुराशिवायची ऊब तेवढीच. सुपात कापूस आणि तणस घालून पोरीला त्या भिंतीशी ठेवलं. मोठीमायनं रात्रंदिवस चूल चालू ठेवली. इतका कोंडा भरायची की तिच्या खोलीत धुरानं उभं राहवत नसे म्हणे. आमचं जेवण बिडीवाली करायची. आमच्या गावी कुणाच्या हातचं खायचं यावर केवढं बोलणं झालं असतं. इथं मी ताट पुढं आलं की हात जोडायची आणि जेवायची.

आमची चूल बंद म्हणजे डोकरीची भिंत गार. मी लाटण्याची वाट बघत होते. एकदाही वाजलं नाही.

पाचवी झाली, आणि त्यानंतर एका सकाळी रस्त्यावर बैलबंडी थांबल्याचा आवाज आला. मोठीमायचा पुतण्या होता. माझं दार लोटलेलं होतं, पण त्या घरात कान लावावे लागत नसत. तो म्हणाला, "काकी, बाबूजी गेले." म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ.

 थोड्या वेळानं भिंतीपलीकडून चर्र असा आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा.

तिनं चुलीवर पाणी ओतलं होतं.

मला रीत माहीत नव्हती असं नाही. घरातलं माणूस गेलं की त्या घरची चूल विझते. राख सावडेपर्यंत त्यांच्यात ती पेटत नाही, दुसऱ्या कुणीही येऊन पेटवायची नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी भिंतीला हात लावून बसले, जणू हातानं ती तापलेली राहणार होती. एकदा वाटलं, हाक मारावी. कोणत्या तोंडानं मारणार? तिच्या घरी मौत झालेली. मी पोरीला सुपातून उचलून पोटाशी धरलं. हे मालधक्क्यावर गेलेले.

तेवढ्यात अंगणातून तो आवाज आला.

"वो बिडीवाली! बाहेर ये. माहा भासरा गेला."

बिडीवालीनं गळा काढला.

"रडू नोको. उचल."

"काय उचलू?"

"तुहा संसार. माह्या खोलीत नेऊन टाक, सासूसकट. माहा मी कोठ्यात टाकतो." इकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना पुरुषांसारखंच 'करतो, जातो' म्हणतात, त्या दिवशी ते तिला फारच शोभलं.

पुतण्या गडबडला. "काकी, तू हे काय करून राहिली? तिकडं लोकं खोळंबले."

"खोळंबू दे. तुह्या बाबूजीनं जन्मभर लोकायले खोळंबवलं, आज कायची घाई? पेटी उचल ते."

"पन हे काऊन?"

"पेटी उचल, मंग सांगतो."

तिची पेटी, देवांची परडी, भांडी, अंथरूण असं सगळं माझ्या दारावरून कोठ्याकडे गेलं, आणि उलट बाजूनं बिडीवालीची मडकी, तेंदूपानांच्या टोपल्या आणि शेवटी डोकरी स्वतः. डोकरी माझ्या दाराशी क्षणभर थांबली, आत बघितलं आणि पुढं गेली.

बिडीवालीनं आपल्या चुलीतले निखारे खापरात घालून आणले. तेव्हा मात्र पुतण्यानं हात आडवा केला.

"काकी, सुतकाची चूल हाये. पेटवता नाई येत."

"कोनाची चूल?"

"तुही."

"माहं घर कोनतं?"

त्यानं खोलीकडे बोट केलं.

"माहे देव कुठं हायेत? माही पेटी कुठं हाये? कोठ्यात. मंग माहं घर कोठा. ज्याच्या घरी मौत त्याची चूल इझते, नाई का? जा, पाहून ये, कोठ्यात चूल पेटून हाये का माही."

तो बिचारा खरंच पाहून आला. "नाई."

"कधी पेटन?"

"राख सावडल्यावर."

"मंग झालं. ही खोली म्या भाड्यानं देली. भाडेकरूच्या चुलीत पानी ओतायचं का मी आता?"

पुतण्या काय समजायचं ते समजला असावा, कारण त्यानं आवाज खाली आणला आणि विचारलं, "काकी, त्या कोकनवालीची पोरगी जगन का?"

"भिंत गरम राहिली तं जगन," ती म्हणाली. "चाल, आता रडू दे मले." आणि बंडीत बसल्यावर ती मोठ्यांदा रडली. दूर जाईपर्यंत ऐकू येत होती. भासऱ्याशी तिचं आयुष्यभर पटलं नव्हतं, पण रडण्यात तिनं काही राखलं नाही.

भिंत थोडी गार पडली होती. मग हळूहळू पुन्हा तापली. मी पोरीला परत सुपात ठेवलं.

तेरवी होईपर्यंत मोठीमाय गावीच होती. पलीकडे बिडीवाली चूल सांभाळत होती, आणि मला वाटतं तिला झोपच नसावी, कारण ती भिंत एकदाही गार पडली नाही. पोरीच्या ओठांचा रंग पालटला. एके दिवशी तिनं कापसाची वात तोंडातून ढकलून दिली आणि स्वतः ओढून दूध प्यायली. मी यांना सांगितलं, तर हे पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले.

सुईणीनं बाहेर पडायची परवानगी दिल्यावर मी पहिल्यांदा गेले ती मोठीमायच्या खोलीत, बिडीवालीला नमस्कार करायला. ती पानं आणायला गेली होती. डोकरी एकटीच होती, दोन गोधड्या आणि वर पोतं पांघरून बसलेली. मी तिच्याजवळ बसले, सवयीनं पाठ भिंतीला टेकली, आणि दचकून पुढं झाले. इतकी गार भिंत मला त्या घरात माहीतच नव्हती. मातीतून वारा येत असावा अशी.

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. डोकरी म्हणाली, "एती कोनो चूल्हा नइ हे, बेटी." इकडे कुणाची चूल नाही.

पलीकडे रस्ता होता. दीड वर्ष मी मोठीमायच्या चुलीच्या उबेत झोपत होते, माझी चूल डोकरीला ऊब देत होती, डोकरीकडची गाईला, आणि पहिल्या खोलीला कोण ऊब देतं हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मोठीमायनं ओळ आखताना ती खोली स्वतःकडे ठेवली होती. आणि आता माझ्या मुलीसाठी ही म्हातारी न कुरकुरता त्या भिंतीशी बसून होती. मी डोकरीचे पाय चेपायला घेतले. तिनं नको म्हटलं नाही.

मोठीमाय आली ती ओरडतच. बंडीतून उतरायच्या आधी तिनं अंगण किती दिवस झाडलं नाही याची चौकशी केली. मग माझ्या दारात येऊन पोरीकडे बघितलं, बोटानं तिची हनुवटी वर केली.

"गाल आले," ती म्हणाली.

मला बोलायचं होतं पुष्कळ. मी फक्त विचारलं, गावाकडे कुणी काही म्हणालं का?

"म्हाताऱ्यायले कोनं सांगतलं, तुह्या घरून धूर निघून राहिला म्हने. म्या म्हनलं, भाडेकरूचा असन. भाडेकरूले का उपाशी ठेवू?" आणि स्वतःच खूश होऊन हसली.

त्याच दुपारी तिनं सगळं पुन्हा हलवलं. डोकरीला तिच्या खोलीत, स्वतःला पहिल्या खोलीत. मी पोरीला घेऊन तिच्या उंबऱ्याशी बसले होते. धीर करून म्हणाले, "मोठीमाय, ही थंडी संपेपर्यंत आमच्याकडे झोपा. हे बाहेरच्या पडवीत झोपतील."

"काऊन?"

"ही भिंत फार गार आहे."

तिनं भिंतीकडे बघितलं, जणू ती आजच तिथं आली होती.

"तिकडं रस्ता हाये. रस्त्यावर कोन चूल मांडन?"

"म्हणूनच म्हणते. तुम्हाला ऊब कुणाची?"

"मले कायले लागते वो?" ती पेटी भिंतीला लावत म्हणाली. "दिवसभर तुमच्यावर कावतो मी. अंग तापूनच राहते." मग तिची नजर चुलीकडे गेली. बिडीवालीनं जाताना चूल आपल्या पद्धतीनं लिपली होती, तोंड जरा रुंद करून. "आन् हे कोनं केलं? हे चूल हाये का म्हशीचं तोंड? वो बिडीवाली!"

ती तशीच ओरडत बाहेर गेली. पोरगी त्या आवाजानं दचकली, डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा पदराखाली तोंड घालून दूध प्यायला लागली.